अहवालात नसलेला रकाना

माझी एक मैत्रीण अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. पंधरा वर्षं झाली तिला या कामात. गेल्या वर्षी कधीतरी ती बदलली. कामात चूक नव्हती. औषधांचे डोस अचूक, नोंदी वेळच्या वेळी, हात सरावाने चालत. पण घरी येऊन बूट काढायला ती खाली बसली की अर्धा अर्धा तास तिथून हलायची नाही. एक बूट पायात, दुसरा हातात. ‘दमलेय म्हणावं तर तसंही नाही,’ ती मला म्हणाली, ‘उठायचं कशासाठी, तेच कळेनासं होतं.’

कुणाच्या तरी सांगण्यावरून तिने लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं हार्मोन, मोजणारी तपासणी करून घेतली. चार छोट्या नळ्या घरी आल्या. सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि झोपताना कापसाचा बोळा तोंडात धरायचा, भिजला की नळीत टाकायचा आणि वर वेळ लिहायची. आठवड्याने रंगीत अहवाल आला. मधोमध हिरवा पट्टा आणि त्याच्या खालून सरपटत गेलेली तिची रेषा. तळाशी निष्कर्ष होता: कॉर्टिसॉल बनवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथी थकल्या आहेत, तिसरा टप्पा. पुढच्या पानावर सहा गोळ्यांची आणि पावडरींची यादी.

तो अहवाल आणि त्यासोबत भरून घेतलेला अर्ज मी दोनदा वाचला. वय, वजन, मासिक पाळीची तारीख, झोपेची वेळ, प्रत्येकाला रकाना होता. एका शिफ्टमध्ये किती रुग्ण सांभाळता, महिन्यात किती रात्रपाळ्या, पुढच्या आठवड्याची ड्युटी कधी कळते, यातल्या कशालाच रकाना नव्हता.

मला त्या रकान्याबद्दल बोलायचं आहे. बर्नआउटमध्ये, म्हणजे कामाच्या ताणाने माणूस आतून असा रिता होतो तेव्हा, हार्मोन्स आणि मेंदूतली रसायनं बदलतात याबद्दल माझा वाद नाही. वाद आहे तो या माहितीचा जो अर्थ लावला जातो त्याच्याशी. ‘तुझ्या शरीरात रसायनांचा तोल गेलाय’ असं म्हटलं की दुरुस्ती आपोआप त्या शरीराची ठरते. काम जसं आहे तसंच राहतं. आणि गंमत नव्हे, खेदाची बाब ही, की ज्या विज्ञानाच्या नावावर हे चालतं ते विज्ञान नीट वाचलं तर त्याचं बोट कामाकडेच जातं.

‘बर्नआउट’ हा शब्द मुळात कामाच्या जागेवरच जन्मला. १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने मोफत दवाखान्यांत राबणाऱ्या कार्यकर्त्यांविषयी लिहिताना तो वापरला. तो स्वतःही त्यांच्यातलाच एक होता. पुढे क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये बर्नआउट मोजायची प्रश्नावली तयार केली. तिच्यात तीन गोष्टी पाहतात: भावनिक शीण, माणसांबद्दल आलेला कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बर्नआउटची नोंद केली तीही आजार म्हणून नव्हे, व्यवसायाशी निगडित घटना म्हणून. व्याख्येतच म्हटलं आहे की नीट हाताळल्या न गेलेल्या, कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन ताणातून ही स्थिती येते. तो ताण कुणी हाताळायचा, हे मात्र त्यात सांगितलेलं नाही. सगळा घोळ त्या मोकळ्या जागेत होतो.

आता कॉर्टिसॉलकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त बदनामी त्याच्या वाट्याला आली आहे. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून एक हार्मोन निघतं, ते पिट्युटरी ग्रंथीला जागं करतं. पिट्युटरीतून दुसरं हार्मोन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना कॉर्टिसॉल सोडायला सांगतं. पुरेसं झालं की तेच कॉर्टिसॉल वर जाऊन मेंदूला ‘आता थांब’ म्हणतं. ते विष नव्हे. रोज जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात त्याची पातळी चढते, दिवसभरात उतरत जाते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जाते. सकाळची ती चढण नसेल तर दिवस सुरू करणंच जड जाईल.

हान्स सेलिए याने १९३६ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून ताणाचे तीन टप्पे मांडले: धोक्याची घंटा, मग प्रतिकार, शेवटी शक्तिपात. या तिसऱ्या टप्प्यावरून पुढे एक सोपी समजूत पसरली की फार काळ ताण राहिला की अधिवृक्क ग्रंथी रिकाम्या होतात. चित्र मनात चटकन बसतं, म्हणूनच ते विकलंही जातं. पण २०१६ मध्ये या विषयावरच्या ५८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला आणि ‘ग्रंथी थकतात’ या कल्पनेला त्यात आधार सापडला नाही. अधिवृक्क ग्रंथी खरोखर निकामी होतात तो ॲडिसनचा आजार. त्यात रक्तदाब घसरतो, वजन उतरतं, त्वचा काळवंडते, आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर जीव जातो. त्याचं निदान चार नळ्यांच्या रंगीत आलेखावर कुणी करत नाही.

बरं, गोळ्या निरुपद्रवी तरी असाव्यात? २०१८ मध्ये ‘अधिवृक्क ग्रंथींना बळ देणारी’ म्हणून विकली जाणारी १२ उत्पादनं संशोधकांनी तपासली. बाराही उत्पादनांत थायरॉइडचं हार्मोन सापडलं आणि बहुतेकांत एखादं तरी स्टिरॉइड. ज्या बाईला हार्मोनची गरज नाही तिच्या पोटात तिच्या नकळत हार्मोन जातंय. माझ्या मैत्रिणीने यादीतल्या दोन गोळ्या महिनाभर घेतल्या होत्या. त्यांत काय होतं हे आम्हाला कधीच कळलं नाही, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मग बर्नआउट झालेल्यांचं कॉर्टिसॉल नक्की कसं असतं? कुठे कमी सापडतं, कुठे जास्त, कुठे इतरांसारखंच. २०११ मध्ये बर्नआउटच्या जैविक खुणा शोधणाऱ्या ३१ अभ्यासांचा आढावा झाला. त्यांत ३८ वेगवेगळ्या खुणा तपासल्या होत्या. निदानासाठी भरवशाची म्हणावी अशी त्यांतली एकही निघाली नाही. दीर्घ ताणावरचा २००७ मधला एक मोठा आढावा या गोंधळाचं थोडं स्पष्टीकरण देतो: ताण नवा असताना कॉर्टिसॉल चढतं, काळ लोटतो तसं उतरत जातं, आणि ताण कुठल्या प्रकारचा आहे, तो आपल्या हातातला आहे की नाही, यावरही ते बदलतं. म्हणजे खाली गेलेली रेषा रिकाम्या ग्रंथीची खूण नसून वरून येणारी आज्ञाच बदलल्याची असू शकते. वर्षानुवर्षं घंटा वाजत राहिली की मेंदू तिचा आवाज कमी करून टाकतो. याला बिघाड म्हणावं की जुळवून घेणं, यावर वाद घालता येईल. मला ते जुळवून घेणं वाटतं, महाग पडलेलं जुळवून घेणं.

खरा प्रश्न पुढचा आहे. ही साखळी कशाने सर्वात जास्त हलते? सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी २००४ मध्ये प्रयोगशाळेत झालेल्या २०८ अभ्यासांचं विश्लेषण केलं. सगळ्याच अवघड कामांनी कॉर्टिसॉल चढत नव्हतं. जिथे निकाल आपल्या हातात नाही आणि वर कुणीतरी आपली पारख करतंय, तिथे ते सर्वाधिक चढलं आणि उतरायलाही सर्वाधिक वेळ लागला. नियंत्रण नसणं आणि सतत जोखलं जाणं. या दोन गोष्टी एका कागदावर लिहा आणि कुठल्याही कार्यालयात, कारखान्यात, कॉल सेंटरमध्ये किंवा वॉर्डात नेऊन दाखवा. लोक ओळखतील.

नियंत्रणाबद्दल मला थोडं सविस्तर सांगायचंय, कारण माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथे आहे. जय वाइस नावाच्या शास्त्रज्ञाने १९६८च्या सुमारास उंदरांच्या जोड्या लावल्या. दोघांच्या शेपटीला विजेचा झटका बसायचा, तेवढाच, त्याच क्षणी. फरक एकच. एका उंदरापुढे चाक होतं, ते फिरवलं की दोघांचाही झटका थांबायचा. दुसऱ्यापुढे चाक होतं पण ते कशालाच जोडलेलं नव्हतं. पोटात व्रण जास्त झाले ते या दुसऱ्याला. दुसऱ्या एका प्रयोगात झटक्याआधी इशाऱ्याचा आवाज दिला, तर इशारा मिळालेल्यांना व्रण कमी झाले. वीज तितकीच. मेंदू तपासले तेव्हा असहाय उंदरांच्या मेंदूत नॉरॲड्रेनलिन हे सतर्क ठेवणारं रसायन घटलेलं आढळलं. चाक फिरवू शकणाऱ्यांत ते घटलं नव्हतं. रसायन बदललं हे खरं, पण ते बदललं चाकाच्या दुसऱ्या टोकाला काही जोडलेलं आहे की नाही यावरून.

स्टीव्हन मायर आणि मार्टिन सेलिगमन यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवर असेच प्रयोग करून ‘शिकलेली असहायता’ ही कल्पना मांडली. हतबलता प्राणी शिकतो, असं तेव्हा त्यांचं म्हणणं होतं. जवळपास पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच दोघांनी लिहिलं की आम्ही उलटं समजलो होतो. लांबलेल्या ताणाखाली गळून जाणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे. मेंदूच्या खोडातला सेरोटोनिन सोडणारा एक पुंजका ती घडवून आणतो. शिकायची गोष्ट असते ती ‘माझ्या हातात काही आहे’ ही. ते मेंदूच्या कपाळामागच्या भागाला उमगलं की तो त्या पुंजक्याला आवरतो. २००५ मधल्या प्रयोगांत हा पुढचा भाग औषधाने तात्पुरता बंद केला, तेव्हा चाक हातात असलेले उंदीरही असहाय उंदरांसारखे वागले.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून होते. बूट हातात धरून बसलेली मैत्रीण डोळ्यांसमोर होती. पुढच्या आठवड्याची ड्युटी तिला शनिवारी रात्री कळायची, तीही फोनवर आणि बदलण्याची शक्यता धरूनच. इशारा देणारा आवाज नाही. चाक आहे, पण जोडलेलं नाही. दर महिन्याला ती ‘सूचना’ लिहून पेटीत टाकायची. ती पेटी कुणी उघडताना तिने पाहिलेलं नव्हतं.

डोपामीनबद्दलही असाच गैरसमज आहे. ते आनंदाचं रसायन म्हणून ओळखलं जातं. जॉन सॅलमोन यांच्या प्रयोगांत उंदरांचं डोपामीन कमी केलं, तेव्हा त्यांची खाण्याची आवड गेली नाही. समोर आलं ते ते खात. पण अडथळा चढून गेल्यावर जास्त मिळणार असेल, तर चढणं मात्र त्यांनी सोडलं. म्हणजे डोपामीनचा संबंध श्रम करायला मन उठण्याशी आहे. ‘उठायचं कशासाठी’ हा प्रश्न या भाषेत वाचून बघा. चढूनही पलीकडे काही नसतं हे शंभरदा अनुभवलेल्या मेंदूने चढणं सोडलं, तर त्याचा हिशेब चुकला असं मी म्हणणार नाही. माणसाच्या बर्नआउटमध्ये डोपामीनचं नेमकं असंच होतं, असा दावा मी करत नाही. उंदरावरून माणसावर उडी मारणाऱ्यांपैकी मला व्हायचं नाही. पण जे ‘डोपामीन वाढवा’ म्हणून सकाळच्या सवयींची यादी देतात त्यांनी पलीकडे काय ठेवलंय हेही सांगायला हवं.

विचारपूर्वक काम करून येणारा थकवाही आता मोजता येतो. २०२२ मध्ये पॅरिसमधल्या संशोधकांनी लोकांना सहा तासांहून अधिक काळ डोक्याची कामं दिली. काहींना अवघड, काहींना सोपी. अवघड कामं करणाऱ्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात ग्लुटामेट हे मेंदूपेशींमध्ये संदेश पोचवणारं रसायन साचलेलं दिसलं, आणि संध्याकाळी निर्णय घेताना ते लगेच मिळणारं, कमी कष्टाचं बक्षीस निवडू लागले. दिवसाअखेर माणूस ‘आळशी’ होतो तेव्हा आत काय चाललेलं असतं, याची ही एक झलक.

इथे एक चांगली बातमी आहे आणि ती पुरेशी सांगितली जात नाही. २००९ मध्ये परीक्षेच्या ताणाखाली महिनाभर घालवलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचे मेंदू तपासले. लक्ष एका गोष्टीवरून दुसरीकडे वळवण्याची क्षमता आणि त्यामागची मेंदूतली जोडणी, दोन्ही मंदावली होती. परीक्षा संपली, महिना सरला आणि दोन्ही पूर्ववत झालं. स्वीडनमध्ये कामाच्या दीर्घ ताणाने खचलेल्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागाचा थर पातळ झालेला आढळला होता. पुढे त्यातलं काही भरून निघतं असंही दिसलं. विद्यार्थ्यांचा मेंदू सुधारला तो परीक्षा संपली म्हणून. ज्याची परीक्षा कधी संपतच नाही त्याला आपण श्वसनाचे व्यायाम शिकवतो.

माझ्याविरुद्धचा एक मुद्दा मला मनापासून पटतो. ‘नाटकं करतेय’, ‘मन खंबीर नाही’ असं ऐकून घेतलेल्या माणसाला ‘हे तुझ्या शरीरात घडतंय’ हे शब्द आधार देतात. मैत्रिणीलाही त्या अहवालाने पहिले दोन दिवस रडू येईस्तोवर हलकं वाटलं होतं. ते हलकं वाटणं खोटं नव्हतं. पण २०१३ मधला मानसिक आजारांविषयीचा एक एकत्रित अभ्यास सांगतो की जैविक कारण सांगितलं की लोक त्या माणसाला दोष कमी देतात, आणि त्याच वेळी तो बरा होईल याची आशाही कमी धरतात. दोष उचलला जातो, पण त्याच्या जागी शिक्का बसतो. दोषही न लावता आणि शिक्काही न मारता हे सांगता येतं: तुझं शरीर खरं बोलतंय, आणि ते तुझ्या कामाबद्दल बोलतंय.

दुसरा आक्षेप नेहमीचा: त्याच वॉर्डात वीस जणी काम करतात, सगळ्याच कुठे कोसळतात? नाहीत कोसळत. जनुकं वेगळी, बालपण वेगळं, घरचं ओझं वेगळं. दगडाच्या खाणीत धूळ सगळ्यांच्या फुप्फुसांत जाते, सिलिकोसिस काहींनाच होतो. म्हणून धूळ निर्दोष ठरत नाही आणि उरलेल्यांना फुप्फुसांचं टॉनिक देऊन कुणी मोकळं होत नाही. धूळ मोजतात, पाणी मारतात, हवा खेळती ठेवतात.

डॉक्टरकडे जाऊ नका असं मी कुणालाही सांगणार नाही. उलट आधी जा. थायरॉइड मंदावणं, रक्तक्षय, झोपेत श्वास अडकणं, रजोनिवृत्तीच्या आसपासचे बदल, नैराश्य, यांतलं काहीही बर्नआउटसारखंच दिसू शकतं आणि यांवर नेमके उपचार आहेत. जगणंच नको वाटत असेल तर एक दिवसही थांबू नये. झोप आणि व्यायाम यांचा परिणाम या सगळ्या रसायनांवर होतो, तोही खरा. माझं म्हणणं इतकंच, की तिथवर येऊन थांबायचं नाही.

कारण थांबल्यावर काय होतं तेही आता मोजलं गेलंय. विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. ताण-व्यवस्थापनाचे वर्ग, मनःशांतीची ॲप्स, लवचिकता वाढवणारी प्रशिक्षणं. यांत भाग घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा बरे असल्याचं दिसलं नाही. अपवाद होता तो समाजकार्याची संधी मिळालेल्यांचा. डॉक्टरांच्या बर्नआउटवर केलेल्या उपायांचा २०१७ मधला आढावा सांगतो की व्यक्तीवर केलेल्या उपायांपेक्षा संस्थेत केलेल्या बदलांचा परिणाम मोठा होता. आइसलंडमध्ये २०१५ ते २०१९ या काळात अडीच हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा कामाचा आठवडा ४० तासांवरून ३५-३६ तासांवर आणला, पगार न कापता. बहुतेक ठिकाणी काम तेवढंच झालं किंवा वाढलं, आणि ताण व बर्नआउट कमी झाले. आणि उलट टोकाला, जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या अंदाजानुसार लांबलचक कामाच्या तासांशी जोडलेल्या पक्षाघाताने आणि हृदयविकाराने २०१६ या एका वर्षात ७,४५,००० माणसं गेली. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ३५ टक्के अधिक असतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जिथे धूळ, आवाज आणि उष्णता मोजायची सक्ती असते तिथे कामाचा भार, रात्रपाळ्यांमधलं अंतर, वेळापत्रक किती आधी कळतं आणि माणसाच्या हातात किती निर्णय आहेत, हेही मोजायची सक्ती हवी. बर्नआउटची तक्रार घेऊन आलेल्याचा केसपेपर लिहिताना डॉक्टरने कामाचे तास विचारावेत, जसं धूम्रपान विचारतात. एकाच विभागातून तिसरा माणूस तसाच आला तर चौकशी विभागाची व्हावी. आणि लाळेच्या नळीवरून ‘टप्पे’ ठरवून गोळ्या विकणाऱ्यांना पुरावा मागितला जावा.

मैत्रिणीने गोळ्या बंद केल्या. तिने आणि तिच्यासोबतच्या सात जणींनी मिळून एक अर्ज दिला. त्यात दोनच मागण्या होत्या: वेळापत्रक दोन आठवडे आधी लावावं, आणि एका शिफ्टला एका परिचारिकेकडे दोनपेक्षा जास्त रुग्ण देऊ नयेत. पहिली मान्य झाली. वेळापत्रक आता कागदावर, तारखेसह, भिंतीवर लागतं. मागच्या महिन्यात मी तिच्या घरी होते तेव्हा ती ड्युटीवरून आली, दारातच उभ्या उभ्या बूट काढले आणि आत आली. मी काही बोलले नाही, तीही नाही. दुसऱ्या मागणीवर अजून उत्तर आलेलं नाही, आणि त्या रात्री तिच्याकडे चार रुग्ण होते.